पार्ल्यातला विटांचा बंगला : घराचा क्लब कधी झाला, कसा झाला?

पूर्वपार्लेकर

मंडळी, जरा मदत हवी आहे.

पार्ले पूर्वेला आमच्या गल्लीच्या टोकाला तळमजला अधिक एक असा जुना विटांचा बंगला आहे. वर मंगळुरी कौलं, पुढे लांब ओटा, मागे पत्र्याची शेड टाकून केलेलं बॅडमिंटन कोर्ट. मला कळायला लागल्यापासून तो आमच्या मंडळाचा क्लब आहे. खाली वाचनालय आणि कॅरम, वरच्या मजल्यावर ब्रिज आणि रमी, गणपतीत ओट्यावर मखर. नाव मुद्दाम देत नाही. कमिटीतले अर्धे लोक इथे वाचतात आणि उरलेल्या अर्ध्यांना वाचून दाखवतात.

शेजारच्या सोसायट्या रीडेव्हलपमेंटला निघाल्यात. बिल्डरने आमचाही प्लॉट जोडून घ्यायचं गाजर दाखवलंय. त्यावर सभा व्हायच्या आधी एक स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहासाचं पान माझ्या गळ्यात पडलं. आता हा इतिहास म्हणजे काय, तर बंगला १८६५ चा आहे (दर्शनी पाटीवर तसं ऑइलपेंटने रंगवलंय). लोकमान्य टिळक इथे मुक्कामाला उतरले होते. मूळ मालकांनी एक रुपया घेऊन वास्तू मंडळाला दान केली, म्हणून वाचनालयात त्यांचा हार घातलेला फोटो. शिवाय मागच्या विहिरीत पोर्तुगीजांचा खजिना आहे, पण तो यंदा कुणी काढायला तयार नाही.

छापायचं तर पुरावा हवा. घराचं वय भिंतीवरून कसं ओळखायचं? आणि राहतं घर सार्वजनिक कसं झालं, हे कुठल्या कागदात सापडेल?

खिडकीतली_मांजर

छान धागा. वाचतेय. विहिरीचं मनावर घ्या.

वाळू_चुना

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात हयात गेली, म्हणून लिहितो. पाटी बाजूला ठेवा आणि आधी छपरावर चढा. कौलाच्या खालच्या अंगाला कारखान्याचं नाव ठसवलेलं असतं. तिथे १८६५ हा आकडा दिसला, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पूर्वपार्लेकर

वाळू_चुना, तुम्हाला कसं कळलं? गेल्या पावसाळ्यात उतरवलेली काही कौलं ओट्याखाली रचून ठेवली होती. आत्ता जाऊन एक उलटं करून पाहिलं. मधोमध इंग्रजी अक्षरांत 'बासेल मिशन टाइल वर्क्स' आणि खाली १८६५.

वाळू_चुना

हा आकडा कौल भाजल्याचा नव्हे, कारखाना सुरू झाल्याचा. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला. लगेच १८६८ मध्ये अल्बुकर्कांचा निघाला. पुढची कित्येक दशकं हे लोक तेच साल कौलावर ठसवत राहिले, मिठाईवाला खोक्यावर 'स्थापना' छापतो तसं. माल गलबतांतून मुंबईला यायचा आणि गिरगावापासून वसईपर्यंत घराघरावर चढायचा. या एका ठशापायी मुंबई-कोकणातली निम्मी घरं १८६५ ची झाली आहेत! तुमच्या पाटीवाल्यानेही कौल उलटं करून पाहिलं असणार. कौलावरून एवढंच म्हणता येतं, की हे कौल १८६५ च्या आधीचं नाही. त्यातही कौलं बदलली जातात, एका घराची दुसऱ्या घरावर जातात. घराचं वय छपरावरून काढू नये.

भिंत बघा. गिलावा पडलेला एखादा कोपरा शोधा आणि विटांचे थर नीट पाहा. एका थरात विटांची लांब बाजू, वरच्या थरात सगळी डोकी (आखूड बाजू), असं आलटून पालटून असेल तर इंग्लिश बाँड. एकाच थरात एक लांब, एक डोकं, असं असेल तर फ्लेमिश. मग वीट मोजा. हल्लीची प्रमाणित वीट १९ बाय ९ बाय ९ सेंटिमीटर. जुनी साधारण ९ इंच लांब, साडेचार रुंद, पण भट्टीगणिक फरक. दहा विटा मोजून सरासरी काढा, एका विटेवर विसंबू नका.

त्यानंतर सांधा. किल्लीच्या टोकाने खरवडा. चुन्याचा सांधा भुगा होऊन पडतो, रंगाने पांढुरका, सुरखी (विटांची भुकटी) घातलेली असेल तर गुलाबी झाक. सिमेंटवर किल्ली घसरते आणि करडा ओरखडा उठतो. हिंदुस्थानात पोर्टलँड सिमेंटचा कारखाना नीट चालला तो १९१४ पासून, पोरबंदरला. त्यानंतरही साधी घरं बरीच वर्षं चुन्यातच बांधत, कारण चुना स्वस्त आणि घाणीवर मळून देणारे गवंडी हाताशी. म्हणजे चुना दिसला म्हणून लगेच शंभर-दीडशे वर्षं धरू नका.

सगळ्यात खात्रीचा साक्षीदार लोखंड. मजल्याखाली गर्डर असतील तर त्यांच्या पोटावर गिरणीचं नाव उठावात असतं.

फेरफार

भिंती वाळू_चुना यांच्याकडे, कागद माझ्याकडे.

पहिली गोष्ट, पार्लं तेव्हा मुंबईत नव्हतं. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला, त्याआधी सगळी साष्टी ठाणे जिल्ह्यात. महापालिकेची हद्द इकडे आली १९५० मध्ये, आणि दहिसर-मुलुंडपर्यंत गेली १९५७ मध्ये. त्यामुळे बंगला १९२० च्या आधीचा असेल तर जमिनीचा जुना माग ठाण्याच्या दप्तरात लागेल. लोक पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालतात आणि 'रेकॉर्ड नाही' ऐकून परततात. नसणारच, तेव्हा मुंबईची पालिका इथवर आलीच नव्हती.

आजपासून मागे जा. सिटी सर्वेच्या ऑफिसातून मालमत्ता पत्रक काढा, म्हणजे ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते. त्यावर धारकांची नावं, ती कोणत्या व्यवहाराने लागली, आणि खाडाखोड सगळं दिसेल. पार्ल्यात टी. पी. स्कीम (नगररचना योजना) आहेत, म्हणून सी. टी. एस. (सिटी सर्वे) नंबराबरोबर फायनल प्लॉट नंबरही लागेल. तिथून जुना सर्वे नंबर, त्यावरून फेरफार नोंदी (मालकाचं नाव बदलल्याच्या नोंदी) आणि बिनशेतीची परवानगी. शेतजमिनीवर बंगला उठला तो साधारण बिनशेतीच्या आगेमागे. तुम्हाला हवं ते साल बहुतेक या कागदाच्या आसपास सापडेल.

जुने कागद मोडीत असतील तर घाबरू नका, वाचणारे मिळतात.

गळकं_छप्पर

सगळं खरं, पण एक विचारू का? तो बंगला गळतो की नाही? आमच्या इथल्या अशाच 'ऐतिहासिक' क्लबात पावसाळ्यात कॅरम बोर्डावर बादली असते. सत्तरीच्या माणसाला वरच्या मजल्यावर जायला जिना आहे, लिफ्ट नाही, संडास बाहेर. कोणी बांधला, टिळक आले की नाही, याने गळती थांबत नाही. नव्या इमारतीत दोन मजले क्लबाला मिळत असतील तर घ्यावेत आणि जुन्याचा एक सुंदर फोटो लॉबीत लावावा.

पूर्वपार्लेकर

गळतो. आणि जिन्याचं म्हणणंही मान्य. पण गळकं_छप्पर, म्हणजे आपले गछ, पार्ल्यात दोन मजले मिळतील हे बिल्डरच्या ब्रोशरमध्ये. आपण विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानं चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली. उंचीला कात्री लागते म्हणून इथल्या किती इमारती वर्षानुवर्षं लटकल्यात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि पाडायचं की ठेवायचं हा प्रश्न नंतरचा. मला आधी ही वास्तू कुणाची आहे ते बघायचंय.

फेरफार

अगदी हाच प्रश्न. तुमचं मंडळ नोंदलेलं आहे का? असेल तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परिशिष्ट एकचा उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं आणि स्थावर मालमत्तेचा रकाना असतो. नोंदणी क्रमांकाआधी 'एफ' असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंद आहे असं समजा.

मात्र नोंदणीच्या सालावरून मंडळाचं वय काढू नका. सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० चा. त्यानंतर जुन्यानव्या सगळ्याच संस्थांना रांगेत उभं राहून नोंद करावी लागली. तेव्हाच साठ वर्षं जुन्या असलेल्या मंडळाची नोंदही पन्नाशीच्या दशकातली निघते.

आणि जमीन ट्रस्टची निघाली, तर कलम ३६ वाचून सभेला जा. विश्वस्तांना स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. ठराव हात वर करून पास झाला म्हणून बिल्डरला किल्ली देता येत नाही.

दादरचा_नळ

आमच्या दादरच्या चाळीला 'ए' कॅटेगरी आहे, १९४० च्या आधीची. तुमच्या बंगल्याची कॅटेगरी बघितली तर साल लगेच कळेल ना?

फेरफार

दादरकर, ती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या जुन्या इमारतींची वर्गवारी फक्त शहरात, माहीम-शीवच्या अलीकडे. उपनगरात सेस नाही, म्हणून ए-बी-सी पण नाही.

सदाफुली

मी त्या गल्लीतली नाही, पण बाजूच्याच गल्लीतून लग्न होऊन गोरेगावला गेले, त्यामुळे तो बंगला चांगलाच ठाऊक. तुम्ही सगळे भिंती आणि कागद बघताय. मी आत कोण जायचं ते सांगते.

आमच्या लहानपणी वरचा मजला म्हणजे पुरुषांचा. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दिसली की वरून कुणीतरी खाकरायचं. वर पत्ते, पान, तंबाखू. आम्हा मुलींना वाचनालयात पुस्तक बदलायला यायची परवानगी, बसून वाचायची नाही. बायकांना ओटा मिळायचा तो चैत्रातल्या हळदीकुंकवाला, आणि तोही नंतर झाडून द्यायच्या अटीवर!

हे बदललं महागाईच्या दिवसांत. १९७२-७३ ला मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आमच्या आयांच्या बैठका कुणाच्या घरात मावेनात. घरी सासरे, दीर, पाहुणे. एका दुपारी त्या सरळ बंगल्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसल्या. पत्तेवाले चार वाजता आले तर सतरंजी भरलेली. माझी आई सांगायची, सेक्रेटरी दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, ही मेंबरांची जागा आहे." त्यावर एक काकू म्हणाल्या, "मग फॉर्म द्या." आणि त्यांनी फॉर्म भरले. त्याआधी बायकांनी मेंबर व्हायला बंदी नव्हती, कुणी फॉर्म मागितलाच नव्हता.

स्मरणिकेत टिळक आले की नाही ते ठरवा, पण हे घाला.

पूर्वपार्लेकर

सदाफुलीताई, हे घालणारच. त्या काकूंपैकी कुणाशी बोलता आलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नाव छापायचं की नाही ते त्याच ठरवतील.

डावखुरा_फिरकी

ताईंच्या मुद्द्याला धरून थोडं अवांतर.

मुंबईत क्लबाची इमारत म्हटली की आत कोण आणि बाहेर कोण हे आधी ठरायचं. बाँबे जिमखाना १८७५ चा, गोऱ्यांचा. मग मरीन लाइन्सला ओळीने पारशी जिमखाना, हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, प्रत्येकाचं आपापलं मैदान आणि आपापला पॅव्हेलियन. गव्हर्नर विलिंग्डनने १९१८ मध्ये स्वतःच्या नावाचा क्लब काढला तो हिंदुस्थानी लोकांना आत घेणारा, म्हणून त्याचं तेव्हा केवढं अप्रूप.

आणि 'आपल्या' क्लबातही सगळे आत नव्हते. पळवणकर बाळू हा त्या काळचा हिंदूंचा सगळ्यात मोठा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभरावर बळी घेतले त्याने. पुण्यात खेळायचा तेव्हा चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात. चर्मकार समाजातला ना. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याच्या वाट्याला धड आलंच नाही, ते मिळालं त्याचा भाऊ विठ्ठल याला, १९२३ मध्ये. त्यामुळे जुन्या क्लबाचं गुणगान ऐकलं की मी आधी सभासदांची यादी मागतो. पूर्वपार्लेकर, तुमच्या मंडळाची जुनी यादी आहे का? आडनावं बघा. सगळी एकाच पंगतीतली निघाली तर तेही छापा.

गळकं_छप्पर

झालं, आता स्मरणिकेचा खटला होणार.

डावखुरा_फिरकी

होऊ दे की. जाहिराती तरी वाचल्या जातील.

लालबागचा_गाळा

बंगल्याचा क्लब होतो तसा खोलीचाही होतो, ते कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

धोबीतलावला मेट्रोसमोर जेर महाल आहे. तिथे गोव्याच्या गावागावांचे कूड आहेत, म्हणजे गावाचा क्लब. बोटीवर जाणारे तारवटी (खलाशी) बोट मिळेपर्यंत तिथे उतरायचे. एक दालन, भिंतीला लागून पेट्या, टोकाला अल्तार (वेदी) आणि गावच्या संताची तसबीर. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचा, आणि त्या वेळी पत्ते बंद.

आमच्याकडे गिरणगावात तेच गावकीच्या खोलीचं. माझ्या आजोबांची गावची खोली लालबागला. वीसपंचवीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची, रात्रपाळीवाला उठला की त्याच जागेवर दिवसपाळीवाला. जेवण खानावळीवाल्या बाईकडे. पगाराला गावच्या मंडळाची वर्गणी कापून बाकीची मनीऑर्डर. खोली कुणा एकाच्या नावावर असायची, पण होती गावाची. पुढे ज्याच्या नावावर भाडेपावती, त्याच्या मुलांनी ती आपली म्हटली, आणि कोर्टात गावाकडे दाखवायला कागद नव्हता. वर्गणीची वही होती, ती वाळवीने खाल्ली.

तेव्हा वर्गणीची वही शोधा, भाऊ. बाकीचं नंतर.

वाळू_चुना

गर्डर बघितलेत का?

पूर्वपार्लेकर

बघितले. वाचनालयाच्या मागे एक अडगळीची खोली आहे. तिथे माळ्याचं छत म्हणजे लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरच्या मध्ये विटांची बसकी कमान. शिडी लावून, रॉकेलचा बोळा घेऊन पोटावरचा चुना पुसत गेलो. बराच वेळ नुसता गंज, मग बोटाला उठाव लागला. आधी एक 'टी', मग 'आय', पुढचं अक्षर सावकाश मोकळं झालं. टिस्को.

वीटही मोजली. सरासरी सव्वानऊ इंच, इंग्लिश बाँड, सांधा गुलाबी आणि किल्लीने भुगा होणारा. पुढच्या ओट्याचे खांब मात्र करडे, किल्ली घसरते.

वाळू_चुना

मग पाटी उतरवा. जमशेदपूरला टाटांचं पोलाद निघालं १९१२ मध्ये. त्या गर्डरवरचा मजला त्यानंतरचाच. गर्डर मागाहून घातलेत का, हे टेकूवरून कळेल. गर्डरचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे खाली दगडी बसणी असेल आणि भोवतीचे थर न तुटता गेले असतील, तर मूळ बांधकामातलेच. तोडून घातलेले असले की टोकाभोवती विटांचे तुकडे आणि वेगळ्या रंगाचा सांधा दिसतो.

ओटा सिमेंटचा म्हणजे भर. बहुधा घराचं सार्वजनिक झाल्यावर माणसं बसायला वाढवला.

आणि एक विनंती. जिथे विटांना लोणा (ओलीने येणारं मीठ) लागलाय, तिथे सिमेंटचा गिलावा मारू नका. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, मीठ विटेच्या तोंडाशी साठतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. 'जुनी वीट कुजली' म्हणून लोक पाडायला निघतात. ती आपणच कुजवलेली असते.

पूर्वपार्लेकर

बसणी दगडी आहे, थर सलग आहेत. म्हणजे १८६५ गेलं.

खिडकीतली_मांजर

पन्नासेक वर्षांनी तरुण झाला की बंगला. त्याला सांगा.

सदाफुली

आणि टिळक?

फेरफार

टिळकांचा मुंबईतला मुक्काम सहसा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, आणि १ ऑगस्ट १९२० ला ते गेलेही तिथेच. पार्ल्यात टिळकांना मानणारी माणसं भरपूर होती. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, दोन्ही त्यांच्या मागून आलेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तर पार्ल्याला छावणीच होती, जमनालाल बजाज होते तिथे. अशा गावात प्रत्येक जुन्या ओट्यावर कुणीतरी थोर माणूस बसून जातोच. इतिवृत्तात किंवा तेव्हाच्या वर्तमानपत्रात उल्लेख सापडला तर छापा. नाहीतर 'टिळक उतरले होते असं जुनी मंडळी सांगतात' एवढंच, आणि तेही 'सांगतात' ठळक करून.

पूर्वपार्लेकर

आता मुख्य बातमी. लालबागचा_गाळा, तुमच्या तोंडात साखर.

वाचनालयाच्या कपाटात सगळ्यात खाली, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली, पत्र्याची ट्रंक निघाली. कुलूप गंजलेलं, बिजागरीच हातात आली. आत इतिवृत्ताच्या वह्या, पावत्यांची पुस्तकं आणि लाल फडक्यात बांधलेला कागदांचा जुडगा.

पावत्यांची अर्धुकं बघतोय. 'वास्तू निधी' असं शीर्षक. चार आणे, आठ आणे, एक रुपया, पुन्हा चार आणे. महिन्याच्या महिन्याला तीच नावं, मध्येच कुणाचा महिना बुडालेला, पुढच्या महिन्यात दुप्पट. सगळं आण्यांत, म्हणजे नवे पैसे यायच्या, १९५७ च्या आधीचं. त्याच जुडग्यात मालकांनी मंडळाला दिलेल्या पावत्या आहेत, 'बंगल्याच्या किमतीपैकी हप्ता पावला' अशा. शेवटच्या पावतीवर एक आण्याचं रेव्हेन्यू तिकीट, त्यावर सहावा जॉर्ज, आणि सही तिकिटाला आडवी मारलेली. त्याच्या आधीची काही वर्षं मंडळ तळमजल्याचं भाडं भरत होतं, त्याचीही वही आहे.

तर दान नाही. एक रुपयाही नाही. आधी भाड्याने, मग हप्त्याहप्त्याने विकत. मालक उदार नव्हते असं मी म्हणत नाही. हप्ते थांबले तेव्हा त्यांनी तगादा लावलेला दिसत नाही आणि व्याजाची नोंद मला कुठे सापडली नाही. पण पैसे गल्लीने भरलेत. डावखुरा, यादीही पाहिली. आडनावं बरीचशी एका पंगतीतलीच. त्यात दुधवाले भय्याजी आहेत, स्टेशनजवळचा लाँड्रीवाला आहे, आणि 'वाड्यावरच्या मोलकरणी मिळून दोन रुपये' अशी एक नोंद आहे. त्या बायका मेंबर नव्हत्या. मेंबरांच्या यादीत दुधवाले आणि लाँड्रीवालेही नाहीत.

डावखुरा_फिरकी

पैसे चालले, माणूस चालला नाही. ही नोंद फोटोसकट पहिल्या पानावर जाऊ दे.

गळकं_छप्पर

हम्म. हे वेगळं आहे. तरी विचारतो, त्या काळी वर्गणी दिली म्हणून आज त्यांच्या नातवंडांना हक्क लागतो का?

फेरफार

नातवंडांना मालकी नाही लागत, गछ. पण वर्गणीतून सार्वजनिक उपयोगासाठी घेतलेली वास्तू ही चालू सभासदांची खाजगी मिळकतही नसते. आजचे पावणेदोनशे-दोनशे मेंबर आपापसांत वाटून घेऊ शकत नाहीत. विश्वस्त म्हणजे राखणदार. परिशिष्ट एक आलं का?

पूर्वपार्लेकर

आलं. क्रमांकाआधी 'एफ' आहे. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात बंगला आणि जमीन दोन्ही. प्रॉपर्टी कार्डावर मात्र अजून मूळ मालकांचंच नाव! खरेदीखत झालं, रजिस्टरही झालेलं दिसतं, पण कार्डावर नाव चढवायला कुणी गेलंच नाही.

फेरफार

हे सर्रास आढळतं, आणि बिल्डरला हेच हवं असतं. तो मालकांच्या वारसांना गाठेल. सभेच्या आधी खरेदीखताची प्रमाणित प्रत सब-रजिस्ट्रारकडून काढा आणि फेरफारासाठी अर्ज टाका. अर्जाची पोच सभेत वाचून दाखवा. स्मरणिका मागे पडली तरी चालेल.

सदाफुली

आणि हो, हार घातलेला फोटो काढू नका हं. बाजूला पावतीपुस्तकाचं एक पान फ्रेम करून लावा.

वाळू_चुना

फ्रेम लोणा लागलेल्या भिंतीवर नको. कागद महिन्यात पिवळा पडेल. आतल्या, जिन्याच्या भिंतीवर लावा.

पूर्वपार्लेकर

अर्ज टाकतोय. आता शेवटचं काम. लाल फडक्यातले खालचे काही कागद मोडीत आहेत. एकावर ठाण्याचा शिक्का आहे, बाकी मला ओ की ठो कळत नाही. इथे कुणी वाचणारं आहे?

मोडीवाचक

आहे. पुराभिलेखवाल्यांच्या वर्गात शिकलो, सध्या निवृत्त. ठाण्याचा शिक्का म्हणजे बहुतेक बिनशेतीचं किंवा जमिनीच्या मूळ खरेदीचं प्रकरण. पण कागद बघितल्याशिवाय बोलत नाही.

फोटो असे काढा. घडी जोर लावून उलगडू नका, घडीवरच कागद तुटतो. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर ठेवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. आधी पूर्ण पान, मग वरचा, मधला, खालचा भाग वेगवेगळा. पाठीमागे शेरा असतो तोही घ्या, तारीख बऱ्याचदा तिथेच असते. लॅमिनेशन करायचं कुणाच्या मनात असेल तर त्याचा हात धरा.

पूर्वपार्लेकर

खजिनदारांच्या मनात होतं. धरला हात. फोटो उद्या सकाळी उजेड असताना काढतो आणि इथेच टाकतो.

खिडकीतली_मांजर

त्या कागदात विहिरीचा उल्लेख निघाला तर आधी मला व्यनि करा.